समेटाचा शनिवार

डॉक्टरांनी रजेचं पत्र टेबलावर ठेवलं, त्याच्यावर आणखी एक कागद ठेवला आणि दोन्हींवर आपल्या चष्म्याचं घर ठेवलं, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून. खिडकी बंद होती आणि पंखाही.

डॉक्टर म्हणजे दाताचे. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात हात घालून 'जरासंच दुखेल' म्हणण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर तोच आवाज त्यांनी चर्चच्या कमिटीचं अध्यक्षपद सांभाळायला वापरला. तो आवाज ऐकला की भलाभला माणूस मुकाट्यानं आ करतो.

"ताई, पूर्ण तीन महिने," ते म्हणाले. "उद्या सकाळी आठची गाडी आहे. डोंगरावरच्या आपल्या विश्रामगृहात खोली सांगून ठेवलीय. फोन इथेच ठेवून जा. झोपा, फिरा, काही करू नका. स्वतःकडे जरा बघा आता."

पास्टरताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंही तिला पास्टरताईच म्हणत, आणि स्वतःकडे बघ असं तिला आठ महिन्यांत कुणी म्हटलं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी तिचा नवरा गेला. गुरुवारी त्याला माती दिली आणि रविवारी तिनं उपासना घेतली. मंडळीनं तिच्या विश्वासाचं तोंड भरून कौतुक केलं, आणि एवढं कौतुक झाल्यावर रडायची सोयच राहिली नाही. मग लग्नं, बाप्तिस्मे, आजाऱ्यांच्या भेटी, एक ना दोन. गेल्या रविवारी तीन वर्षांची असल्यापासून पाठ असलेली प्रार्थना म्हणताना ती अर्ध्यावर आली आणि पुढचे शब्द गेले ते गेलेच. समोरच्या बाकांवरच्या बायकांनी ती पूर्ण केली. ती वेदीची कड धरून नुसती उभी राहिली.

रजेला नाही म्हणायचं तिच्यात त्राण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती.

"आणि हा दुसरा कागद?"

"तो होय? काही नाही. पोलिसांना द्यायचं उत्तर. उद्या अकराला फौजदारबाई येणार आहेत, पण मी आहे ना, तुम्ही कशाला थांबता? पास्टरची सही लागते तेवढी."

तिनं वाचलं. दोनच ओळी होत्या. आमच्या मंडळीत गायनमास्तरांविरुद्ध यापूर्वी कधीही, कोणाकडूनही, कसलीही तक्रार आलेली नाही. खरं सांगणाऱ्याला एवढा जोर लावावा लागत नाही, हे तिच्याही लक्षात आलं.

पंधरा दिवसांपूर्वी कीबोर्ड वाजवणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीनं पोलिसांत तक्रार दिली होती. सराव संपल्यावर गाण्याची पुस्तकं ठेवायच्या खोलीत मास्तरांनी दार लावून घेतलं आणि तिच्या अंगचटीला आले, असं तिनं लिहून दिलं. मास्तर म्हणजे तीस वर्षं गायकवृंद चालवलेला माणूस. निम्म्या मंडळीला सूर त्यानं शिकवला. कीबोर्डवालीच्या बाजूला कोण? तिची आई. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: इतक्या वर्षांत कुणी काही बोललं नाही, आणि हिलाच बरं झालं हे!

त्या वाक्यावर पास्टरची सही पडली की मुलगी खोटी ठरणार. आणि कुणीतरी बोललं होतं. दोन वर्षांपूर्वी, याच खोलीत, याच टेबलाच्या पलीकडे बसून.

"मी संध्याकाळी घरी पाठवते सही करून," ती म्हणाली.

डॉक्टरांनी चष्म्याचं घर उचललं आणि दोन्ही कागद तिच्याकडे सरकवले. "दोन्ही एकदमच पाठवा," ते हळूच म्हणाले.

या मंडळीची एक जुनी रीत होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे सगळ्यांनी मिळून घ्यायची भाकर आणि प्याला, आणि त्याच्या आदल्या दिवशी समेटाचा शनिवार. ज्यांचं कुणाशी फाटलंय त्यांनी वेदीमागच्या याच छोट्या खोलीत यायचं, पास्टरसमोर मनातलं ओकून टाकायचं आणि हातात हात द्यायचा. पास्टरनं प्रार्थना करायची. एकदा आमेन झालं की त्या गोष्टीचा पुन्हा उच्चार नाही; जो उकरेल त्याला उद्याची भाकर आणि प्याला नाही. रीत वाईट नव्हती. एका भिंतीवरून अकरा वर्षं अबोला धरलेले भाऊ या खोलीत गळ्यात गळे घालून रडले होते. दोन जावा तर दर महिन्याला न चुकता यायच्या. त्यांना भांडणाची हौस जास्त की समेटाची, हे कुणाला कळलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी गायकवृंदातली एक मुलगी आली. चार वाक्यांत सांगून मोकळी झाली, नजर फरशीवर. पास्टरताई तिच्याबरोबर रडली. मग तिनं मास्तरांना बोलावलं. तेही रडले. लेकीसारखी म्हणून जवळ घेतलं, तिला वेगळं वाटलं असेल तर माफी मागतो, म्हणाले. तो शनिवार समेटाचा होता. बारा वाजता दवाखान्यातून नवऱ्याचा रिपोर्ट आणायचा होता आणि तो रिपोर्ट काय असणार हे तिला पोटातून कळलं होतं. सात मिनिटांत सगळं उरकलं. हातात हात, आमेन.

भांडण असतं तर ते मिटलं असतं. ते भांडण नव्हतंच. एवढी साधी गोष्ट वीस वर्षं पास्टरकी केलेल्या बाईला कळू नये! पण समेट हाताशी असला की सगळी दुखणी माणसाला भांडणासारखीच दिसायला लागतात.

त्यानंतर ती मुलगी आधी गाण्यातून गळाली, मग उपासनेतून. नोकरीच्या वेळा बदलल्या असतील, असं पास्टरताईनं स्वतःला सांगितलं आणि ते स्वतःला पटवूनही घेतलं.

मुलगी आता बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला होती. पास्टरताई दुपारी तिथं पोचली तेव्हा मालक काउंटरवर एक फ्रेम पुसत बसला होता आणि त्याचे कान टवकारलेले होते.

"नंबर तपासायचाय," पास्टरताई म्हणाली.

चष्मेवालीनं तिच्याकडे पाहिलं. ओळख दाखवली नाही. "आत या."

आतली खोली अरुंद आणि अंधारी होती. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा उजळ तक्ता. चष्मेवालीनं तिला उंच खुर्चीवर बसवलं, नाकावर जड लोखंडी चौकट चढवली आणि दार अर्धवट लोटलं.

"वरून वाचा."

पास्टरताईनं दोन ओळी वाचल्या. "तुला कळलं असेल. कीबोर्ड वाजवणारी..."

"मला आधीच माहीत होतं. ती माझ्याकडे आली होती. तक्रार करायच्या आधी." काचेचा कट्कन आवाज झाला. "आता स्पष्ट आहे का आधी होतं?"

"आधी. तुझ्याकडे का?"

"मी गाणं का सोडलं, असं विचारायला. मी तिला म्हटलं, चर्चमध्ये जाऊ नकोस. तिथं गेलीस तर तुलाच माफ करायला लावतील. सरळ पोलिसांत जा."

तक्त्यावरची अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलली. बाहेर मालक कुणाला तरी डबीची किंमत सांगत होता.

"उद्या पोलीस येणार आहेत," ती म्हणाली. "मला सांगायचंय की दोन वर्षांपूर्वी तू आली होतीस. पण तुला विचारल्याशिवाय कसं सांगू?"

"तेव्हा नाही विचारलंत."

"नाही विचारलं. तू त्यांना माफ केलंस असं मी धरून चालले. तू हात दिलास, आणि मला वाटलं..."

"मी हात नाही दिला."

चष्मेवालीचा आवाज चढला नव्हता. तिच्या बोटांत एक काच तशीच धरलेली होती.

"मी हात पाठीमागे घेतला होता. नको म्हटलं. दोनदा म्हटलं. तुम्ही माझं मनगट धरलंत, पुढे ओढलंत आणि त्याच्या हातात ठेवलंत. वरून तुमचा हात ठेवलात आणि आमेन होईपर्यंत दाबून धरलात. मला काढता येत नव्हता. त्याचा अंगठा हलत होता खाली."

पास्टरताईला हे आठवत नव्हतं. ती आठवायला गेली आणि तिथं नुसता दवाखान्याचा रस्ता होता. पण तिचा तळहात तिला ओळखीचा होता. समेटाच्या वेळी दोघांच्या हातांवर आपला हात ठेवून घट्ट धरायची तिची सवयच होती. जावा तर त्यावरून थट्टा करायच्या, पास्टरताईंनी झाकण लावलं की आता वाफ बाहेर यायची नाही. तिला खुर्चीवरून उतरावंसं वाटलं.

"बाळा, मी तुझी..."

"मागू नका," चष्मेवाली घाईनं म्हणाली. "माफी मागू नका. तुम्ही मागाल आणि मग मला ती द्यावी लागेल. मला लहानपणापासून तेच शिकवलंय. आज मला नाही द्यायची."

"मग मी काय करू?"

"तुम्ही काय केलंत ते सांगा. माझ्याबाबतीत काय झालं ते सांगायचं का, कुणाला, कधी, ते माझं मी बघीन. माझं नाव घ्यायचं नाही." तिनं नाकावरची चौकट काढून घेतली, काचा एकेक करून खणात लावल्या. "नंबर तोच आहे. डोळे थकलेत फक्त. झोपत नाही का तुम्ही?"

घरी धाकटी बहीण बॅग भरून बसली होती. ती दवाखान्यात नर्स होती, दोन दिवसांची सुट्टी काढून खास बहिणीला गाडीत बसवून द्यायला आली होती, आणि स्वयंपाकघरातून तिचं बोलणं अखंड चालू होतं. पास्टरताईनं सगळं सांगितल्यावर ते बोलणं बंद पडलं. असं सहसा होत नसे.

"ताई, तू जा," ती शेवटी म्हणाली. "तीन महिने झोप. परत आल्यावर सांग काय सांगायचं ते. पोलीस कुठे पळून चाललेत?"

"मी येईपर्यंत ती पोरगी खोटी ठरलेली असेल."

"आणि तू? तुझं ब्लड प्रेशर मी मोजलंय, डॉक्टरांनी नाही. तुला पास्टरकीतून काढतील. हे घर चर्चचं आहे, महिन्याभरात सोडायला लावतील. भावजींची खोली सोडशील?"

त्या खोलीचं दार पास्टरताईनं आठ महिन्यांत चार वेळा उघडलं होतं. आत त्याचा पलंग होता आणि शेजारी एक खुर्ची. आजारपणात रोज दुपारी त्या खुर्चीवर मास्तर येऊन बसायचे, हळू आवाजात गीतं म्हणायचे, म्हणून तिला दोन तास पाठ टेकता यायची. तो उपकार खोटा नव्हता. कधीकधी मास्तरांचा आवाज ऐकूनच नवऱ्याला झोप लागायची. तिला त्या माणसाचा राग यायला हवा होता आणि त्याच्याबद्दल कृतज्ञताही वाटत होती, आणि या दोन्हींनी तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

"सोडीन," ती म्हणाली.

"मग तिकीट तूच रद्द कर. मी नाही करणार." धाकटीनं बॅग पायानं भिंतीकडे ढकलली.

पास्टरताईनं तिकीट रद्द केलं. मग ती पोटभर जेवली, बहिणीनं हातावर ठेवलेली गोळी घेतली आणि नऊलाच आडवी झाली. हे तिनं ठरवून केलं. एकदा तिनं थकल्या डोक्यानं एका मुलीचा निकाल लावला होता. पुन्हा तसं करायचं नव्हतं. कित्येक महिन्यांनी ती सलग आठ तास झोपली.

सकाळी साडेदहाला ती चर्चच्या आवारात शिरली तेव्हा बाकावर दोन जावा मध्ये हातभर जागा सोडून, तोंडं दोन दिशांना करून बसल्या होत्या. समेटाचा शनिवार होता, त्या कशा चुकवतील? आणि फाटकाशी मास्तर उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात गीतांचं पुस्तक.

"ताई, तुम्ही गेला नाहीत?" ते क्षणभर गडबडले, मग हसले. "बरंच झालं. मी समेटाला आलोय. त्या मुलीच्या आईला बोलावून घ्या. हात पुढे करायला मला कसली लाज?"

"आज समेट नाही, मास्तर."

"म्हणजे?" त्यांनी आवाज खाली आणला. "तुमच्या मिस्टरांजवळ मी बसायचो, विसरलात?"

"नाही. कधी विसरणार नाही."

"मग हेही विसरू नका. आमेन झालेलं उकरत नाहीत. तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

ती त्यांच्या बाजूनं पुढे गेली. पाठीवर त्यांची नजर होती. दारापर्यंतची वीस पावलं तिला संपता संपेनात.

फौजदारबाई वेळेवर आल्या. धिप्पाड, सर्दी झालेल्या, एका हातात रुमाल आणि दुसऱ्या हातात कागद लावलेली पाटी. डॉक्टरांनी पास्टरताईला पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला, पण आवाजाला काही झालं नाही.

"या, या. ताई, सही राहिली वाटतं तुमची? तेवढी करून टाका."

पास्टरताईनं पर्समधून तो कागद काढला आणि फौजदारबाईंसमोर ठेवला. सहीची जागा कोरी होती.

"हे खोटं आहे," ती म्हणाली. "तक्रार आली होती. दोन वर्षांपूर्वी. माझ्याकडे."

बाहेर एक जाऊ खोकली.

"मॅडम," डॉक्टर पुढे वाकले, अगदी मायेनं, "ताईंची तब्येत ठीक नाही. नवरा गेल्यापासून फार खचल्यात. आजपासून त्या रजेवर आहेत. गेल्या रविवारी भर उपासनेत त्यांना साधी प्रार्थना आठवेना. आम्ही दोनशे माणसांनी बघितलंय. त्यांच्या आठवणीवर तुम्ही..."

तिला कानाखाली बसल्यासारखं झालं. काल याच माणसाच्या मायेनं तिचे डोळे भरून आले होते. आणि ते खोटं तरी कुठे बोलत होते? दोनशे माणसांनी बघितलंच होतं.

फौजदारबाईंनी नाक पुसलं. "खरं आहे का हे?"

"खरं आहे. प्रार्थना आठवली नाही. मला रजेचीही गरज आहे, ती मी घेणार आहे. आणि दोन वर्षांपूर्वीचंही सगळं मला आठवत नव्हतं. जिच्याबाबतीत झालं तिनं काल सांगितलं. तिचं नाव मी सांगणार नाही, ते तिचं ती ठरवेल. मी काय केलं तेवढं सांगते."

"ताई, जरा विचार करा," डॉक्टर म्हणाले. या वेळी आवाजात माया नव्हती. "चर्चचं नाव आहे. तीस वर्षांचं काम आहे."

"डॉक्टर, तुम्ही बाहेर थांबा," फौजदारबाई म्हणाल्या.

डॉक्टर उठले. दारात जरा घुटमळले. चष्म्याचं घर टेबलावरच राहिलं होतं, ते घेतलं आणि गेले.

पास्टरताईनं सांगायला सुरुवात केली. मुलगी आली, चार वाक्यं बोलली. मास्तरांना बोलावलं. दार बंद केलं. ती थांबत थांबत सांगत होती आणि फौजदारबाई भराभर लिहीत होत्या, मध्येच नाक ओढत, मध्येच एखादी वेळ, एखादी तारीख विचारत. शेवटी त्यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं, तसा नियमच होता.

"...त्यानंतर पास्टर यांनी दोघांची समजूत घालून समेट घडवून आणला. बरोबर?"

"नाही," पास्टरताई म्हणाली. "समेट खोडा."

"मग काय लिहू?"

तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. आता इथून मागे फिरायला वाट नव्हती. घर, मंडळी, वीस वर्षं, सगळं या एका ओळीच्या पलीकडे राहणार होतं.

"लिहा. मुलगी नको म्हणाली. दोनदा. तिनं हात पाठीमागे घेतला. मी तिचं मनगट धरून हात पुढे ओढला, त्यांच्या हातात दिला, आणि वरून माझा हात ठेवून दाबून धरला. आमेन होईपर्यंत सोडला नाही."

पेन थांबलं. फौजदारबाईंनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"बाई, हे तुमच्यावरही येईल. कळतंय ना?"

"कळतंय." ती कागदावर वाकली आणि उलट्या बाजूनं ओळ वाचू लागली. "'दाबून' राहिलंय तुमचं. तेही लिहा."